हेडफोनच्या अलीकडून



२००४ च्या नोव्हेंबरात 'स्टार वन' वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर 'रीमिक्स' नावाची मालिका लागली. आज ज्यांची मुलं सातवी-आठवीत आहेत अशा कितीतरी आया तेव्हा बारावीत, नाहीतर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होत्या. तुम्ही त्यांतल्या असाल तर पुढचं मी सांगायला नको. मौर्य हाय ही बड्या घरच्या मुलांची शाळा, टिया, आशी, युवी आणि रणवीर ही चौकडी, त्यांचे रुसवेफुगवे आणि त्यातूनच उभा राहिलेला त्यांचा बँड. त्या बँडची गाणी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेणाऱ्या मुली माझ्या इंदूरच्या रामबागेतल्या गाण्याच्या वर्गाला येत. पुढच्या पानावर भूपाची सरगम आणि मागच्या पानावर रीमिक्स! त्याच मुली आता आपल्या लेकींना घेऊन माझ्याकडे येतात आणि लेक चपला काढेपर्यंत हळूच विचारून घेतात, "ताई, ही दिवसभर कुठल्याशा सिरीजची गाणी ऐकते. कानातलं काढतच नाही. काय करू हिचं?"

मी विचारते, कुठली सिरीज? बहुतेकींना नाव सांगता येत नाही. "काहीतरी इंग्लिश आहे." "कोरियन आहे वाटतं." मला बोलायचंय ते या 'काहीतरी'बद्दल.

किशोरवयीन मुलांच्या मालिकेतून गाण्यांचा आल्बम कसा निघतो ते आधी बघू. ते कळलं की निम्मी भीती जाते, आणि उरलेली निम्मी योग्य जागी जाऊन बसते.

'रीमिक्स'ची गोष्ट मुळात मुंबईची नव्हतीच. अर्जेंटिनातल्या क्रिस मोरेना या निर्मातीनं २००२ मध्ये 'रेबेल्दे वे' नावाची मालिका काढली. श्रीमंतांची निवासी शाळा, चार मुलं, त्यांचा एक बँड. बँडचं नाव एर्रेवे. त्याच वर्षी या एर्रेवेचा 'सेन्यालेस' हा आल्बम खऱ्याखुऱ्या दुकानांत विकायला आला. कथा खोटी, बँड खोटा, पण गाणी खरी, गाणाऱ्यांचे चेहरे खरे आणि पैसेही खरे. मेक्सिकोनं तीच कथा उचलली. तिथली 'रेबेल्दे' ४ ऑक्टोबर २००४ ला सुरू झाली, म्हणजे आपल्या 'रीमिक्स'च्या जेमतेम महिनाभर आधी. तिथे सहा जणांचा बँड झाला, आरबीडी. मालिका जून २००६ मध्ये संपली, पण बँड २००८ च्या अखेरीपर्यंत देशोदेशी गात फिरला. इंदूरची मुलगी वहीत जी गोष्ट उतरवून घेत होती, तीच गोष्ट त्याच वर्षी मेक्सिको सिटीतली मुलगी स्पॅनिशमध्ये उतरवून घेत होती. दोघींच्या आया बहुधा सारख्याच वैतागल्या असतील.

अमेरिकेत डिस्नेनं हा धंदा आणखी चोख केला. 'हॅना मॉन्टाना' मार्च २००६ मध्ये सुरू झाली. दिवसा साधी शाळकरी मुलगी, रात्री प्रसिद्ध पॉपगायिका, आणि हे गुपित फक्त घरच्यांना आणि एकदोन मित्रमैत्रिणींना ठाऊक. चौदा वर्षांच्या कुठल्या मुलीला हे स्वप्न पडत नाही? सात महिने मालिकेतून गाणी कानावर पडू दिली आणि २४ ऑक्टोबर २००६ ला आल्बम आणला. पहिल्या आठवड्यात २ लाख ८१ हजार प्रती खपल्या आणि तो थेट बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरला. टीव्ही मालिकेच्या आल्बमनं पहिल्याच आठवड्यात हे स्थान मिळवायची ती पहिली वेळ. गाणारी मायली सायरस तेव्हा तेरा वर्षांची होती. आणि आल्बमवर मोठ्या अक्षरांत नाव होतं ते हॅनाचं, जी अस्तित्वातच नव्हती.

गाणं शिकवणारी बाई म्हणून सांगते, या गाण्यांची बांधणी नीट ऐकण्यासारखी असते. चाल बहुधा एका सप्तकाच्या आतबाहेर फिरते, म्हणजे कुठल्याही मुलीला आंघोळ करताना म्हणता यावी. ध्रुवपद लवकर येतं आणि पुन्हापुन्हा येतं. शब्द असे की कुणालाही वाटावं, हे माझंच आहे: मला कुणी समजून घेत नाही, मी वेगळी आहे, मैत्रिणी आहेत म्हणून मी आहे. संगीत म्हणून मला यातलं बरंचसं बेताचंच वाटतं, हे लपवत नाही. पण मुलगी तिथे संगीत ऐकायला गेलेलीच नसते. त्या मालिकेतल्या मुलांबरोबर ती महिनोनमहिने राहिलेली असते. अमुक गाणं लागलं तेव्हा कोण कुणाला सोडून गेलं, कोण रडलं, कोणी पहिल्यांदा खरं सांगितलं, हे सगळं त्या चालीला चिकटलेलं असतं. तुम्ही ऐकता तेव्हा ती चिकटलेली गोष्ट तुमच्या कानांपर्यंत येत नाही, नुसती चाल येते. म्हणून ते तुम्हाला पोकळ वाटतं.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? 'आभाळमाया' आणि 'वादळवाट' या मालिकांची शीर्षकगीतं आठवा. शब्द मंगेश कुलकर्णींचे, चाल अशोक पत्कींची. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत केबलवर मराठी वाहिनी लागायला लागली तेव्हा राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, नारायणबाग इथल्या घराघरांतून संध्याकाळी ती गाणी रस्त्यावर ऐकू यायची. सासूबाई हातातलं काम टाकून यायच्या. आज ते गाणं कुठे लागलं तर त्यांचे डोळे भरतात, कारण त्यांना त्या चालीबरोबर तेव्हाचं घर, तेव्हाची माणसं, कदाचित आता नसलेला एखादा माणूस आठवतो. त्यांना कुणी म्हणत नाही की हे व्यापारी वाहिनीचं उत्पादन आहे. नातीला मात्र आपण लगेच म्हणतो.

इंदूरात आणखी एक अडचण आहे. आपल्या गावात लताबाई जन्मल्या, शीख मोहल्ल्यात, २८ सप्टेंबर १९२९ ला. त्यामुळे इथल्या बापाच्या हातात एक ब्रह्मास्त्र कायम तयार असतं: "अरे, लताच्या गावात राहतोस आणि हे ऐकतोस?" तर्क छान आहे, फक्त इतिहास त्याच्या बाजूनं नाही. लताबाईंनी १९४२ मध्ये 'किती हसाल' या चित्रपटासाठी गाणं गायलं, ते अखेर चित्रपटात ठेवलंच गेलं नाही. त्याच वर्षी वडील गेले आणि बारा-तेरा वर्षांची ही मुलगी घर चालवण्यासाठी सिनेमात उतरली. त्या काळात सभ्य मराठी घरांत सिनेमाचं गाणं हे काही अभिमानानं सांगायचं काम नव्हतं. आज ज्याला आपण अभिजात म्हणून मुलांपुढे ठेवतो, ते तेव्हाच्या आजोबांच्या मते थिल्लरच होतं.

आणि ते थिल्लर बंद करण्याचा प्रयत्नही झाला. सरकारी पातळीवर झाला, आणि करणारा मराठी माणूस होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, १९५२ पासून दहा वर्षं देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री. स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली, त्या जागी रागसंगीत वाढवलं. खरं सांगू, माझा स्वतःचा कल केसकरांच्याच बाजूला आहे. पण झालं काय? देशभरातल्या पोरांनी रेडिओचा काटा फिरवून 'रेडिओ सिलोन' लावलं. त्याच १९५२ च्या अखेरीस सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, अमीन सयानींचा आवाज घरोघरी पोचला, आणि केसकरांना जे विसरायला लावायचं होतं तेच देशाला पाठ झालं. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ ला, आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करून ही गाणी परत घरात घ्यावी लागली. देशाच्या मंत्र्याला जे जमलं नाही ते आपण वायफायचा पासवर्ड बदलून करू पाहतो. तुमच्या घरातल्या सिलोनचं नाव काय आहे, हे तुमच्या आधी तुमच्या मुलाच्या मित्राला माहीत असतं.

आता एका वेगळ्या सिरीजकडे येते, कारण तिच्यात आपल्यासाठी एक फार नेमका प्रसंग आहे. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चा चौथा सीझन मे २०२२ मध्ये आला. (हिंसा आणि भयानक दृश्यं भरपूर आहेत, लहान मुलांसाठी नाही, आधी स्वतः बघा.) त्यात मॅक्स नावाची मुलगी आहे. सावत्र भाऊ गेल्यापासून ती आतून मिटलेली आहे, कुणाशी बोलत नाही, कानाला सतत वॉकमन. एक अघोरी शक्ती तिच्या मनाचा ताबा घेते आणि तिला मृत्यूकडे ओढू लागते. तिच्या मित्रांना एवढंच कळलेलं असतं की या घडीला माणसाचं आवडतं गाणं त्याला परत आणू शकतं. मग धावपळ. कॅसेटींचा ढीग, आणि एकच प्रश्न: हिचं आवडतं गाणं कोणतं? एका मित्राला ते माहीत असतं. गाणं लागतं आणि मॅक्स परत येते. ते केट बुश या ब्रिटिश गायिकेचं १९८५ चं गाणं. या प्रसंगामुळे ते ३७ वर्षांनी पुन्हा उसळून ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि आपल्या मुलांच्या फोनमध्येही येऊन बसलं.

तो प्रसंग पाहताना मला माझ्या वर्गातल्या आया आठवल्या. मुलीचा रक्तगट पाठ, आधार क्रमांक पाठ, भंवरकुवाच्या कुठल्या कोचिंगची फी किती तेही पाठ. मुलीचं आवडतं गाणं विचारलं की गप्प.

विचारायचं कसं, हाच खरा प्रश्न आहे. "काय ऐकतेस गं एवढं?" हा प्रश्न नाही, ती झडती आहे. त्याला उत्तर येतं, "कुछ नहीं." ("काही नाही" असंही येत नाही; आपली मुलं चिडली की हिंदीत जातात, हे इंदूरच्या प्रत्येक मराठी आईला ठाऊक आहे.) "याचा अर्थ काय?" हेही नको, कारण ते शाळेत विचारतात. माझा अनुभव असा की एक प्रश्न बहुतेक वेळा चालतो: "हे गाणं कुठल्या सीनला लागतं?" मग बघा. जी मुलगी शाळेत काय झालं ते सांगत नाही, ती एका काल्पनिक मुलीबद्दल न थांबता बोलते. तिला तिच्या आईनं कसं फसवलं, मैत्रिणीनं गुपित कसं फोडलं, मग तिनं गच्चीवर जाऊन काय केलं. ऐकत राहा. मधे "पण तिनं आईला सांगायला हवं होतं" असं म्हणायचा मोह जिभेवर येईल, तो गिळा. ती त्या मुलीबद्दल बोलते आहे की स्वतःबद्दल, हे तिलाही अजून ठरवायचं आहे.

एका आईनं गाडीतला वेळ वाटून घेतला आहे. राजेंद्रनगरहून विजयनगरच्या शाळेपर्यंत जाताना मुलीची गाणी, येताना आईची. अट एवढीच की समोरचीचं गाणं पुढे ढकलायचं नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही. इंदूरच्या आताच्या रहदारीत अख्खा आल्बम सहज ऐकून होतो! तिनं परतीच्या वाटेवर एकदा 'रीमिक्स' लावलं. मुलगी आधी हसली, मग म्हणाली, "आई, हे तर आमच्या सिरीजसारखंच आहे, फक्त कपडे वाईट आहेत." त्या दिवशी दोघींमध्ये बोलायला बरंच निघालं. मुलीला पहिल्यांदा कळलं की आई कधीकाळी सतरा वर्षांची होती, आणि आजी तेव्हा टीव्ही बंद करायची.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका, हेही सांगून ठेवते. मुलीचं गाणं आवडलं म्हणून तिच्या मैत्रिणींसमोर ते म्हणून दाखवू नका. त्यावर सोसायटीच्या गणपतीत बायकांचा नाच बसवू नका. तुम्ही त्याचं रील केलंत तर ते गाणं त्या घरात त्याच दिवशी संपलं म्हणून समजा. तिला काहीतरी असं हवं असतं जे तुमचं नाही, आणि ते हवंच.

मुलं अजून ऐकायच्या वयात असतील तर एखाद्या रविवारी महूच्या रस्त्यानं पिगडंबरला जाऊन या. सुमन चौरसियांनी तिथे लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय उभं केलं आहे. फोनमध्ये ज्याला वजन नसतं ते गाणं एकेकाळी तव्यासारखं गोल, काळं आणि हातातून पडलं तर फुटणारं होतं, हे बघून मुलं गप्प होतात. तिथे गेल्यावर लताबाईंवर व्याख्यान मात्र देऊ नका. रेकॉर्डवर सुई ठेवल्यावर मुलगा स्वतःच विचारेल, किंवा नाही विचारणार.

आता काळजीचं बोलू. थोडक्यात, कारण यात भाष्य करण्यासारखं फार नाही, करण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट गर्दीची. ४ फेब्रुवारी २००६ ला ब्राझीलमधल्या साओ पाउलोत आरबीडीच्या त्या सहा जणांचा सह्या देण्याचा कार्यक्रम होता. एका सुपरमार्केटच्या वाहनतळावर चाहते लोटले, चेंगराचेंगरी झाली आणि तीन जीव गेले. त्यांचं वेड खोटं नव्हतं आणि गुन्हाही नव्हता. जागा आणि बंदोबस्त त्या वेडाला पुरले नाहीत. आपल्याकडेही आता मोठे कार्यक्रम होतात, डिसेंबर २०२४ मध्ये गायक दिलजित दोसांझ आला तेव्हा इंदूरनं ती गर्दी पाहिली. मुलाला जायचं असेल तर नाही म्हणण्याआधी बरोबर कोण आहे, बाहेर पडायची वाट कुठली, भेटायची जागा कोणती, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्या. आणि काळ्या बाजारातलं तिकीट घ्यायचं नाही, यावर ठाम राहा.

दुसरी गोष्ट कानांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकाप्रमाणे मुलांसाठी आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबलपर्यंत, हे सुरक्षित धरतात. आवाज वाढला की वेळ झपाट्यानं कमी होतो. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावता येते. ती मुलाबरोबर बसून लावा, त्याच्या पाठीमागे नको. कान हे गाणाऱ्याचं भांडवल आहे, एवढं सांगितलं तरी माझ्या वर्गातली मुलं ऐकतात.

तिसरी गोष्ट उदास गाण्यांची. एकच रडकं गाणं पुन्हापुन्हा लावणं हे या वयात नेहमीचं आहे. त्यानं उदासी येतेच असं नाही, बऱ्याचदा आलेल्या उदासीला ते सोबत करतं. पण झोप उडाली, जेवण सुटलं, मैत्रिणींशी बोलणं थांबलं, "मी नसले तर बरं" अशी भाषा आली, तर प्लेलिस्ट तपासत बसू नका. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. टेली-मानस ही सरकारी मदतसेवा १४४१६ वर मोफत आहे, पालकांनीही फोन करावा.

राहिला अभ्यास. हा प्रश्न बाबा लोक विचारतात, आया नंतर. इंदूरात दहावीनंतर घराचं घड्याळ कोचिंगवर चालतं, त्यामुळे त्यांची भीती मला कळते. 'कोटा फॅक्टरी'तला वैभव आपल्याच मध्य प्रदेशातला, इटारसीचा, आणि त्याचं काम करणारा मयूर मोरे मराठी मुलगा. त्यामुळे ती सिरीज आपल्याकडे घरोघरी पाहिली गेली. अभ्यासाच्या सिरीजलासुद्धा गाणी लागतात, हे तिच्यात दिसलंच. प्रश्न इतकाच की पुस्तक उघडं असताना काय लावायचं. शब्द असलेलं गाणं वाचनाच्या आड येतं, हे संशोधनात बऱ्यापैकी स्पष्ट दिसलेलं आहे. डोकं एकाच वेळी दोन ठिकाणचे शब्द धरू शकत नाही. म्हणून इतिहास, जीवशास्त्र, भाषा यांच्या वेळेला गाणं बंद. गणिताची ओळखीची उदाहरणं सोडवताना चालत असेल तर चालू दे, आणि तेव्हाही त्याच सिरीजचं बिनशब्दांचं पार्श्वसंगीत लावता येतं. ते कुठे मिळतं ते मुलांना पक्कं माहीत असतं. हा करार माझ्या ओळखीच्या बहुतेक मुलांनी फारशी कुरकुर न करता मान्य केला. कुरकुर केली ती बाबांनी, कारण त्यांनाही त्या वेळात खोलीबाहेरचा टीव्ही बंद ठेवावा लागला.